सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच या वैद्यकीय संस्था काम का थांबवतात?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारते. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांचं युद्ध चाललंय. उत्तर दारफूरमध्ये अल फाशर शहराजवळ झमझम नावाची विस्थापितांची छावणी होती, लाखो माणसं राहत होती तिथे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उपासमारीने तिथे दुष्काळाची पातळी गाठलीये असं अधिकृतपणे जाहीर झालं. एमएसएफ म्हणजे मेदसां सां फ्रंतिए ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था तिथे हॉस्पिटल चालवत होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी तिथलं काम थांबवलं. मग एप्रिलमध्ये आरएसएफने छावणीवर हल्ला करून ती ताब्यातच घेतली.

हे वाचल्यापासून मला झोप नीट लागत नाहीये, खरंच सांगते. मी दोषारोप करत नाहीये, पण जिथे पोरं भुकेने मरतायत तिथूनच डॉक्टर निघून गेले तर मग या संस्थांचा उपयोग काय असं मनात येतंच ना? आणि दुसरं म्हणजे या संस्था दोन्ही बाजूंशी बोलतात, दोन्हीकडच्या जखमींवर उपचार करतात, म्हणजे जो आदल्या दिवशी गावं जाळत होता त्याला पण सलाईन लावतात, हे पचवायला मला जड जातंय. ज्यांनी यावर वाचलंय किंवा प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. दरमहा थोडे पैसे द्यायचा विचार आहे, त्याआधी समजून घ्यायचंय.

सामानवाला:
चांगला धागा. मी डॉक्टर नाही, मी सामान, गाड्या, जनरेटर, पाणी हे बघणारा माणूस, या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून त्या बाजूने लिहितो.

हॉस्पिटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डॉक्टर येतो, पण युद्धाच्या ठिकाणी हॉस्पिटल चालू ठेवतं ते डिझेल. डिझेल संपलं की जनरेटर बंद, जनरेटर बंद की पाणी वर चढत नाही, ऑक्सिजनची मशीन बंद, लसींचा फ्रिज बंद (बऱ्याच लसींना २ ते ८ डिग्री लागतं, थोडं वरखाली झालं की अख्खा साठा फेकायचा), ऑपरेशन थिएटर अंधारात. आणि डिझेल येतं रस्त्याने, आणि रस्त्यावर प्रत्येक नाक्यावर कुणी ना कुणी बंदूकवाला उभा असतो. तो ट्रक सोडणार का नाही, हा अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न. झमझममध्ये हेच झालं होतं, रस्ते अडलेले, औषधं इंधन पोहोचत नव्हतं, वर छावणीतच लढाई सुरू झाली. ते हॉस्पिटल प्रामुख्याने मुलं आणि बाळंतिणींसाठी होतं, गोळी लागलेल्याचं मोठं ऑपरेशन करायची सोय तिथे नव्हती, अशा पेशंटला अल फाशरला न्यावं लागायचं आणि तो रस्ताच बंद झाला. अशा वेळी थांबलो तर आपण पेशंटला वाचवतोय की फक्त स्टाफचा जीव धोक्यात घालतोय हा हिशोब करावा लागतो आणि तो हिशोब करणारी माणसं रात्र रात्र भांडतात त्यावर, मी बघितलंय.

आता दोन्ही बाजूंशी बोलण्याबद्दल. निशिगंध, तुमचं दुःख कळतं, पण हे बोलणं बंद केलं तर एकही ट्रक जाणार नाही. आमच्याकडे शस्त्रधारी रक्षक नसतात, म्हणजे जवळजवळ कुठेच नसतात. गेटवर बंदुकीवर लाल काट मारलेली पाटी असते आणि गेटवरचा माणूस हातात काही नसताना कमांडरला सांगतो की साहेब, हत्यार बाहेर ठेवा मग आत या. तो ऐकतो ते एवढ्यासाठीच की उद्या त्याचा माणूस जखमी झाला तर त्यालाही आत घेतील हे त्याला माहीत असतं. ज्या दिवशी आम्ही निवडायला लागलो त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या लेखी ते हॉस्पिटल शत्रूचं झालं. जखमी झालेला, हत्यार खाली ठेवलेला सैनिक हा पेशंट आहे हे १९४९ च्या जिनिव्हा करारांत लिहिलेलंच आहे, संस्थांनी काढलेली पळवाट नाही ती.

आणि एवढं करूनही कवच मिळतंच असं नाही. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदूझच्या एमएसएफच्या हॉस्पिटलवर अमेरिकेच्या विमानाने हल्ला केला, सुमारे तासभर चालला. हॉस्पिटलचा नेमका ठिकाणा सगळ्या बाजूंना आधीच कळवलेला होता. ४२ माणसं गेली, त्यात २४ पेशंट आणि १४ स्टाफ. बेडवरचे पेशंट बेडवरच जळाले. अमेरिकी सैन्याने चूक झाली म्हणून काही जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली, फौजदारी खटला नाही. पुढच्या वर्षी ३ मे २०१६ ला सुरक्षा परिषदेने हॉस्पिटलवर हल्ले नकोत असा ठराव केला, क्रमांक २२८६. त्यानंतर येमेन, सीरिया, गाझा, युक्रेन, सुदान सगळीकडे हॉस्पिटलं पडलीच. तेव्हा कुणी निघालं की पळाले म्हणायच्या आधी हे सगळं बघा अशी विनंती.

परिचारिका:
सामानवाला दादांशी सहमत. मी नर्स आहे, दक्षिण सुदानच्या उत्तर भागात सुदानमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत काम केलंय, संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. "उपयोग काय" यावर मला लिहायचंय कारण बाहेरून बघताना लोकांना ऑपरेशनं दिसतात, आणि छावणीत माणसं मरतात ती बहुतेक जुलाब, गोवर, न्यूमोनिया, मलेरिया आणि भुकेने. गोळीने कमी.

छावणी नवीन वसली की पहिल्या काही दिवसांत करायचं काम म्हणजे गोवराची लस, ६ महिने ते १५ वर्षं सगळ्या मुलांना. मग पाणी, माणशी दिवसाला १५ लिटर तरी, २० माणसांमागे एक संडास. ऐकायला साधं वाटतं पण पन्नास हजार लोक एका आठवड्यात माळावर येऊन बसतात तेव्हा हे आकडे गाठणं म्हणजे डोंगर उचलण्यासारखं असतं. आणि रोज मृत्यू मोजायचे. दिवसाला १०,००० माणसांमागे १ च्या वर मृत्यू गेले की ती आणीबाणी धरतात, पाच वर्षांखालच्या मुलांत २. नव्या कबरी मोजायला माणूस ठेवलेला असतो, कारण घरच्या घरी गेलेलं मूल कुणी हॉस्पिटलात येऊन सांगत नाही.

आता कुपोषणाचं सांगते, ते मला सगळ्यात जवळचं. एक कागदी पट्टी असते, मुलाच्या डाव्या दंडाला गुंडाळायची, हिरवा पिवळा लाल असे पट्टे. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. हे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला लागू. माझ्या दोन बोटांएवढा दंड असायचा काहींचा. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरायचा, खळगा राहिला तर सूज आहे, ती जास्त धोक्याची. मग मुलाला शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट द्यायचं, ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरी असतात त्यात, पाणी घालावं लागत नाही शिजवावं लागत नाही, आणि आपल्यासमोर खातंय का बघायचं. खाल्लं आणि दुसरा आजार नाही तर आईकडे आठवड्याची पाकिटं देऊन घरी. खाल्लं नाही, तोंड फिरवलं, तर भरती. हे पाकीट येण्याआधी प्रत्येक मुलाला महिनाभर वॉर्डात ठेवावं लागायचं, आणि आईला बाकीची पोरं टाकून ते शक्यच नसायचं. २००५ मध्ये नायजरमध्ये मोठ्या प्रमाणावर घरी पाकिटं देऊन उपचार केले तेव्हापासून चित्र बदललं.

भरती झालेल्या मुलाला आपल्याला वाटतं भरपूर खाऊ घालावं, पण तसं केलं तर ते दगावतं, शरीराला झेपत नाही. पातळ दूध, १०० मिलीत ७५ कॅलरी, दर तीन तासांनी, मोजून, रात्रीसुद्धा. पहाटेची पाजणी चुकली आणि अंगावर पांघरूण नसलं तर सकाळी मूल थंड पडलेलं सापडतं. त्यामुळे वॉर्डातली सगळ्यात महत्त्वाची माणसं म्हणजे रात्रपाळीच्या सहायक बायका, स्वतः त्याच छावणीत राहणाऱ्या, ज्या प्रत्येक आईला हलवून उठवायच्या. मला त्या शिकवायच्या की कुठली आई स्वतः उपाशी आहे म्हणून पोराचं पाकीट घरी वाटून खातायत सगळे. ते तपासणीत कळत नाही कुणाला.

कोरा_कागद:
वरचे दोन्ही प्रतिसाद फार आवडले, पण निशिगंध यांच्या शंकेत तथ्य आहे आणि ते नीट मांडलं पाहिजे. मदत निरागस नसते. १९९४ चं रवांडा घ्या. हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सींचा नरसंहार केल्यावर जुलैमध्ये लाखो हुतू लोक सीमा ओलांडून झैरमध्ये (आजचा काँगो) गोमाला आले. कॉलरा पसरला, पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली, जगभरच्या संस्था धावल्या, बरोबरच होतं ते. पण त्या छावण्या चालवत कोण होतं? ज्यांनी नरसंहार घडवला तेच पुढारी आणि तेच मिलिशिया. धान्यवाटप त्यांच्या हातात, माणसांची संख्या फुगवून जादा धान्य उचलायचं, परत जाणाऱ्याला धमक्या, काहींना मारलंही. छावणी म्हणजे त्यांचा नवा तळच झाला. तेव्हा एमएसएफच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४ मध्ये काम सोडलं आणि जाहीरपणे कारण सांगितलं. बेल्जियन आणि डच शाखा आणखी काही महिने थांबल्या, त्यांचं म्हणणं की आजारी बाई-पोरांनी काय केलंय. एकाच संघटनेत दोन उत्तरं, आणि मला प्रामाणिकपणे दोन्हीतलं कुठलंही चूक म्हणवत नाही.

त्याआधी १९८५ मध्ये इथिओपियात दुष्काळाच्या वेळी तिथलं सरकार मदतीचं आमिष दाखवून लोकांना जबरदस्तीने दक्षिणेकडे हलवत होतं. फ्रेंच शाखेने त्यावर आवाज उठवला आणि सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. बाकीच्या बऱ्याच संस्था गप्प राहिल्या आणि काम करत राहिल्या. म्हणजे निघून जाण्याचे प्रकार तीन आहेत. एक जीवाच्या भीतीने, एक आपली मदतच हत्यार बनली म्हणून, आणि एक खरं बोललो म्हणून हाकलले गेलो. बातमीत तिन्ही सारखेच दिसतात. निशिगंध, कुणी काम बंद केल्याचं वाचलंत की यातलं कुठलं ते आधी शोधा, असं सुचवेन.

माझा एक प्रश्न सामानवाला यांना. बोललो की हाकलतात, नाही बोललो तर आपण त्यात सामील. रेडक्रॉस गप्प राहते म्हणून तिच्यावर टीका होते. तुम्हाला काय वाटतं?

सामानवाला:
@कोरा_कागद, गोमाचं लिहिलंत ते बरं केलंत, आमच्यात आजही त्याच्यावर चर्चा होते.

रेडक्रॉसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांचं काम तुरुंगात जाऊन कैदी बघणं, हरवलेल्यांचा शोध, कैद्यांची अदलाबदल, मृतदेह घरच्यांपर्यंत पोहोचवणं. बाहेर येऊन पत्रकार परिषद घेतली तर पुढच्या वेळी तुरुंगाचं दार उघडणार नाही, म्हणून ते आत जे दिसलं ते ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्यालाच सांगतात. या गप्प राहण्याचा भयंकर चेहरा दुसऱ्या महायुद्धात दिसला, नाझी छळछावण्यांबद्दल माहीत असून त्यांनी जाहीर निषेध केला नाही आणि पुढे ते आपलं अपयश होतं हे त्यांनी स्वतः मान्य केलं. नायजेरियाच्या यादवीत, बियाफ्रात, १९६७ ते ७० मध्ये काम केलेले काही फ्रेंच डॉक्टर हेच गप्प राहणं सहन न होऊन बाहेर पडले, आणि १९७१ मध्ये त्यांनी काही पत्रकारांसोबत एमएसएफ काढली. १९९९ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. माझ्या मते जगाला दोन्ही लागतात. एक दार उघडं ठेवणारा आणि एक बाहेर येऊन सांगणारा. दोघांनी एकमेकांचं काम करायला गेलं तर दोन्ही बुडतील.

आणि बोलणं म्हणजे नुसता निषेध नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारला पळाले, काही महिन्यांत सात लाखांच्या वर. एमएसएफने छावण्यांत घरोघर जाऊन सर्वेक्षण केलं, कुटुंबात कोण कधी कसं गेलं ते विचारलं, आणि सांगितलं की पहिल्या महिन्याभरात किमान ६,७०० जण हिंसाचारात मारले गेले, त्यात पाच वर्षांखालची किमान ७३० मुलं. म्यानमार सरकार तेव्हा चारशेच्या आसपास सांगत होतं, त्यातले बहुतेक दहशतवादी म्हणून. कुठल्याही भाषणापेक्षा तो आकडा जास्त बोलला. पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून मोजणाऱ्यालाच असं बोलता येतं.

निशिगंध:
किती शिकवलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. परिचारिका ताई, तुमचा तो रात्रपाळीच्या बायकांचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यावरूनच विचारते, संस्था निघून जाते म्हणजे परदेशी स्टाफ जातो ना, मग या बायकांचं काय होतं? त्यांना कोण नेतं?

परिचारिका:
हाच प्रश्न विचारायला हवा आणि फार कमी लोक विचारतात. बहुतेक वेळा त्यांना कुणी नेत नाही. स्थानिक स्टाफ हा तिथलाच असतो, त्यांचं घर, आईवडील, पोरं तिथेच. कधीकधी कुटुंबासकट हलवतात, पगार आगाऊ देतात, पण सीमेपलीकडे नेणं व्हिसा कायदा सगळ्यांमुळे जवळजवळ अशक्य असतं. या संस्थांचे बहुतांश कर्मचारी स्थानिकच असतात, आणि जगभरात मारल्या गेलेल्या मदत कर्मचाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. बातमी मात्र परदेशी माणूस गेला की मोठी होते, आणि याचा मला खूप राग येतो.

झमझमचंच बघा. एमएसएफ थांबली तरी तिथे रिलीफ इंटरनॅशनल या संस्थेचं क्लिनिक चालू होतं, शेवटचं. ११ एप्रिल २०२५ ला हल्ल्यात त्या संस्थेचे नऊ जण मारले गेले, डॉक्टर सुद्धा होते त्यात, सगळे सुदानी. जगले ते लोक चालत, गाढवावर, मिळेल तसे तवीला नावाच्या गावाला गेले, आणि तिथे एमएसएफ आणि इतर संस्था त्यांना भेटल्या. म्हणजे "सोडून गेले" हे अर्धंच चित्र आहे, बऱ्याचदा पेशंट जिथे जातात तिथे दवाखाना पुढे जाऊन उभा राहतो. तवीलात मग कॉलरा आला.

कॉलऱ्याचं एक सांगायचं राहिलं. खाटेला मधोमध भोक, खाली एक बादली, शेजारी उलटीची दुसरी, आणि त्या बादल्यांत किती जमलं ते मोजून तेवढं पाणी परत शरीरात घालायचं. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल गेलेला, नाडी लागत नाही असा माणूस सलाईन जोरात सोडलं की काही तासांत उठून बसतो, आणि शुद्धीत असलेल्याला तर मीठ-साखरेचं पाणीच पुरतं. उपचार नसेल तर तीव्र आजारात निम्मे दगावू शकतात, उपचार मिळाला तर शंभरात एकही नाही. हे तोंडाने पाणी पाजायचं शास्त्र छावणीतच सिद्ध झालंय, १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांमध्ये सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये द्रावण करून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टरांनी नाही, आईबापांनी पाजलं ते.

वैशाखवणवा:
उशिरा आलो धाग्यावर. निशिगंध यांनी पैशाचं विचारलंय त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी या विषयात हिशोबाच्या बाजूने काम करतो.

पहिलं, पैसा कुठून येतो ते बघा कारण त्यावरून ती संस्था कुणाला नाही म्हणू शकते ते ठरतं. एमएसएफचा ९५ टक्क्यांहून जास्त पैसा सामान्य लोकांच्या देणग्यांचा आहे, म्हणून मार्च २०१६ मध्ये युरोपियन युनियनने निर्वासितांना अडवायला तुर्कस्तानशी करार केला तेव्हा यांनी त्याच वर्षी जूनमध्ये युनियनचे आणि त्यातल्या देशांचे पैसे नाकारले. बहुतेक संस्थांना हे परवडत नाही, त्या सरकारी निधीवर चालतात, आणि याचा अर्थ त्या वाईट असा अजिबात नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा कित्येक देशांत दवाखाने, पोषण केंद्रं, एचआयव्हीची औषधं एका झटक्यात थांबली. ज्यांनी अमेरिकेचा पैसा घेतलाच नव्हता त्यांनाही फटका बसला, कारण पाकिटं दुसऱ्याच्या गोदामातून यायची, गुंतागुंतीचे पेशंट दुसऱ्याच्या दवाखान्यात पाठवले जायचे. एकटी संस्था कुठेच काम करत नसते.

दुसरं आणि महत्त्वाचं, देणगी "फक्त अमुक आपत्तीसाठी" अशी बांधून देऊ नका. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर लोकांनी इतके पैसे ओतले की एमएसएफने काही दिवसांतच त्सुनामीसाठीच्या देणग्या पुरे असं जाहीर केलं आणि देणगीदारांना एकेकाला विचारलं की तुमचा पैसा दुसऱ्या संकटात वापरू का. बहुतेक लोक हो म्हणाले. पुढच्याच वर्षी नायजरमध्ये कुपोषणाची लाट आली, ज्याच्याबद्दल परिचारिका यांनी लिहिलंय, आणि तिकडे सुरुवातीला कुणाचं लक्षच नव्हतं. कॅमेरा असतो तिथे पैसा जातो. दरमहा थोडे, न बांधलेले पैसे देणारा माणूस कॅमेरा नसलेल्या ठिकाणी पोहोचतो. तुमचा दरमहाचा विचार म्हणूनच योग्य आहे. फक्त वार्षिक अहवाल उघडून बघा, खर्च कार्यक्रमांवर किती आणि निधी गोळा करण्यावर किती, आणि नापसंत गोष्टीही त्यात लिहिल्यात का. जी संस्था आपलं कुठलंच काम फसलं नाही म्हणते तिच्यापासून मी लांब राहतो.

कोरा_कागद:
+१. बांधून न देण्याचा मुद्दा तर डोक्यात आलाच नव्हता माझ्या.

अवांतर, माझी भाची फिजिओथेरपी शिकतेय, तिला हे काम करायचंय असं दोन वर्षं म्हणतेय. अशा लोकांना घेतात का, का फक्त सर्जन लागतात?

परिचारिका:
घेतात हो! पाय कापलेल्या, भाजलेल्या पेशंटला ऑपरेशननंतर फिजिओ मिळाला नाही तर ऑपरेशन फुकट जातं, गाझा, येमेन, हैतीसारख्या ठिकाणी त्यांची फार गरज पडते. सुईणी, भूल देणारे, लॅबवाले, मानसोपचारवाले, पाणी-संडास बघणारे इंजिनिअर, अकाउंटंट सगळेच लागतात. पण शिकून झाल्या झाल्या नाही, साधारण दोन वर्षं स्वतःच्या हाताने काम केलेलं असावं कारण तिथे विचारायला वरिष्ठ नसतो, उलट तिथल्या लोकांना शिकवायचं असतं. पहिली नेमणूक बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभराची असते, सर्जन आणि भूलवाल्यांची कमी. भाचीला सांगा फ्रेंच किंवा अरबी आत्तापासून सुरू कर, निवडीत त्याने खूप फरक पडतो, आणि कुठल्यातरी गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलात ट्रॉमा वॉर्डात हात बसवून घे. बाकी काही विचारायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, सुट्टीवर आहे, उत्तर देईन.